रेघेपर्यंतचं पाणी

मित्रांनो, मी एक काचेची टाकी आहे. वयानं म्हणाल तर चारच वर्षांची, पण काळजी करून करून अकाली म्हातारी झालेली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि उंचीला जेमतेम एक वीत. नवे पाहुणे मला लांबून बघतात आणि विचारतात, "हा काय चहाचा मोठा ट्रे आहे का?" मी काय बोलणार! जवळ येऊन वाकलं की त्यांना कळतं, या ट्रेमध्ये समुद्र भरलेला आहे.

मला केलं उमाकांतकाकांनी. ते बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात विमानांची मोजमापाची यंत्रं तपासायचे. निवृत्त होऊन व्हाइटफील्डला या सहाव्या मजल्यावरच्या घरात आले, आणि त्यांच्या हातांना काम उरलं नाही. महिनाभर त्यांनी घरातले सगळे पंखे, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त केल्या. मग एक दिवस वहीत माझं चित्र काढलं.

"अहो, बाजारात तयार मिळते की," श्यामलाकाकू म्हणाल्या.

"मिळते. पण ती मी केलेली नसते ना."

काच कापून आणली. पीण्या या कारखान्यांच्या भागात काकांच्या एका जुन्या मित्राची शेड आहे, तिथे कडा घासून घेतल्या. मग बाल्कनीत चटई टाकून काकांनी एकेक काच सिलिकॉननं चिकटवली. आयुष्यभर अचूक मोजणारा माणूस, पण टाकी पहिल्यांदाच करत होता. मला तेव्हाच धाकधूक वाटायला लागली होती.

आठवड्यानं खाली वर्तमानपत्रं पसरून मला पाण्यानं भरलं. तासाभरात डाव्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा ओला डाग उमटला. मी शरमेनं मेले! काकूंनी डाग बघितला आणि म्हणाल्या, "खाली प्रमोदिनीबाई राहतात हो. त्यांच्या डोक्यावर समुद्र नको पडायला."

"स्वल्प धीर धर गं," काका म्हणाले. वर्षानुवर्षं इथे राहून त्यांच्या मराठीत असं कानडी सहज येतं. त्यांनी ब्लेड घेऊन सगळं सिलिकॉन खरवडून काढलं आणि मला पहिल्यापासून जोडलं. त्यानंतर तो कोपरा एकदाही गळला नाही. तरी मला अजून रोज सकाळी आधी त्या कोपऱ्याचीच आठवण होते.

मग माझ्यात पांढरी वाळू आली, भोकाभोकांचे दगड आले, मीठ कालवलेलं पाणी आलं. पंप सुरू झाला. आणि पुढे काहीच नाही! पाणी जिवांना राहण्याजोगं व्हायला वेळ लागतो, म्हणून काका नुसते थांबून राहिले. दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं. "दीड महिना झाला," काकू शेजारणीला सांगायच्या, "आमच्याकडे दगड पाळलेत."

शेवटी गोगलगाई आल्या. नारिंगी पट्ट्यांचे दोन जोकर मासे आले. बोटाच्या पेराएवढी तीन-चार प्रवाळं आली. त्यात एक हिरवं होतं, दिवा लागला की गवतासारखं फुलायचं. आणि आली लाल पट्ट्याची एक कोळंबी. काकूंनी एकदा भीत भीत पाण्यात हात घातला, तर ती बोटांवर चढून नखं साफ करायला लागली. "अगंबाई! ही तर पार्लरवाली!" काकू ओरडल्या. त्या दिवसापासून तिचं नाव पार्लरवाली, आणि दुपारचा चहा झाला की काकू हात घेऊन हजर. माणसं वाकून वाकून माझं कौतुक करायची. मला मात्र वाटायचं, इतकं कौतुक बरं नव्हे.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. माझ्यातलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. मी उथळ आणि उघडी, त्यामुळे उन्हाळ्यात रोज दीड-दोन लिटर पाणी कमी होतं. काकांनी माझ्या काचेवर एक काळी रेघ मारली होती. रोज सकाळी शुद्धीकरणाच्या यंत्रातलं साधं पाणी पांढऱ्या कॅनमध्ये घ्यायचं आणि रेघेपर्यंत घालायचं. हे काम फक्त काकांचं.

या मार्चमध्ये एका सकाळी पाणी घालता घालता काकांनी कॅन खाली ठेवला आणि छातीवर हात धरला. घाम फुटला होता. काकूंनी जिन्यात जाऊन हाका मारल्या. वरच्या मजल्यावरचा मुकुल धावत आला. तो नागपूरचा, आयटीतला. त्यानंच गाडी काढली. दारातून जाताना काका काकूंना म्हणाले, "टाकीत रोज रेघेपर्यंत पाणी घाल. मीठ नको. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी घाल." आणि दार लागलं. मी तशीच, माझं पाणी रेघेच्या केसभर खाली.

काकांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन ठरलं. काकू दिवसभर दवाखान्यात असायच्या, सकाळी अंघोळीला तेवढ्या घरी यायच्या. आणि कितीही घाई असली तरी आधी मला पाणी घालायच्या.

घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी म्हणजे काकूंच्या लेखी एकच. ओट्यावरचा तांब्याचा हंडा. यंत्रातलं पाणी त्या रोज संध्याकाळी त्या हंड्यात भरून ठेवायच्या आणि सकाळी काकांना त्यातलं पेलाभर द्यायच्या. हा हंड्याचा नेम लग्न झाल्यापासूनचा, अडतीस वर्षांचा. आता काका घरी नव्हते. त्यांच्या वाटचं ते पाणी काकू माझ्यात ओतू लागल्या.

मित्रांनो, माणसांना ते पाणी चालतं. पण माझ्या पोटातल्या गोगलगाईंना, कोळंबीला, प्रवाळांना तांबं म्हणजे विष. अगदी थोडंसुद्धा.

पहिले दोन दिवस काही दिसलं नाही. मला मात्र पाणी वेगळं लागत होतं. तिसऱ्या दिवशी एक गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडली. चौथ्या दिवशी तीन पडल्या. हिरवं प्रवाळ मिटलं ते उघडेना. काकू वाकून बघायच्या, कावऱ्याबावऱ्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "पाणी कमी पडत असेल." मग आणखी एक तांब्या ओतायच्या. अहो काकू, नको! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. पण काचेला कुठला आवाज?

त्यात काकूंच्या मनानं भलतंच घेतलं. माझा आणि काकांचा जीव त्यांनी एकमेकांना बांधला. पाचव्या दिवशी, ऑपरेशनच्या सकाळी, मेलेली गोगलगाय उचलताना त्या पुटपुटल्या, "तू नीट राहा गं बाई. तू नीट राहिलीस तर ते नीट राहतील." इतकं ओझं माझ्यावर कधी कुणी टाकलं नव्हतं. शंभर लिटर पाणी पेलणं त्यापुढे काहीच नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "टाकी कशी आहे?"

"छान आहे," काकू म्हणाल्या. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या!

"पार्लरवाली?"

"मजेत."

पार्लरवाली तेव्हा दगडाच्या आडोशाला आडवी पडून पाय झाडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पाण्यात हात घातला, बोटं हलवली, बराच वेळ थांबल्या. कुणीच आलं नाही. मग वाळूवर त्यांना ती दिसली. काकू तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी फोन लावला.

"अहो, मी खोटं बोलले. सगळं मरतंय. मी रोज पाणी घातलं हो, एक दिवस चुकवला नाही."

"रडू नकोस. कुठलं पाणी घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यात शुद्ध. हंड्यातलं. तुम्हाला देते तेच."

माझा तो डावा कोपरा आता फुटतो की काय असं मला झालं. मग काका हळूच म्हणाले, "श्यामला, चूक माझी आहे. कुठलं ते मी नीट सांगितलंच नाही. आता मुकुलला बोलव, मी सांगतो तसं करा."

मुकुल ऑफिसची कॅब सोडून खाली आला. "काकू, टेन्शन नका घेऊ, काका फोनवर आहेत ना." दोघांनी मिळून माझं अर्धं पाणी उपसलं, मीठ मोजून नवं पाणी केलं, पंपाच्या तोंडाशी तांबं शोषून घेणारी कोळशाची पिशवी बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. काकूंनी पांढऱ्या कॅनवर मोठ्या अक्षरात 'टाकी' असं लिहिलं. जोकर मासे तगले. गोगलगाई गेल्या, दोन प्रवाळं पांढरी पडली. हिरवं मिटलेलंच होतं, मेलंय की झोपलंय ते मलाही कळेना.

काका घरी आले त्या सकाळी ते आधी माझ्यापाशी आले. बारीक झाले होते. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. त्यांनी खुर्ची ओढली, वाकले आणि म्हणाले, "श्यामला, इकडे ये बघ." हिरव्या प्रवाळाच्या एका टोकाला चार बारीक तुरे उघडले होते.

काकू हंड्यातल्या पाण्याचा पेला घेऊन येत होत्या. त्या मध्येच थांबल्या. "अहो, एक विचारू? हे पाणी आवडतं का हो तुम्हाला?"

काकांनी पेल्याकडे बघितलं. "खरं सांगू? नाही. पहिल्या दिवसापासून नाही. चव लागते तांब्याची."

"अडतीस वर्षं?"

"तू इतक्या प्रेमानं द्यायचीस."

"अहो, पण मग बोलायला काय झालं होतं? त्या बिचाऱ्या टाकीला तोंड नव्हतं, तुम्हाला होतं ना!" काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. काकांनी त्यांच्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. झाड असो, मांजर असो, घरातलं माणूस असो, जीव लावाल तेव्हा त्याला काय हवं ते आधी विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर खरं सांगा. मला ते जमलं नाही, म्हणून माझी पार्लरवाली गेली.

आता रेघेपर्यंतचं पाणी रोज काकूच घालतात. कॅन उचलला की ओतण्याआधी मला विचारतात, "हे चालेल ना गं?" मला अजूनही बोलता येत नाही. मग त्या वाकतात, हिरवं प्रवाळ उघडलंय का ते बघतात, आणि मगच ओततात.