चालतं ओझं थांबवणारी

सुनेनं भर कामात तोंड उघडलं, तेही कारखान्याच्या मालकासमोर, आणि तेही 'थांबा' म्हणायला! पहारबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. अवजड ओझी हलवून देण्यावर पोट भरणाऱ्या या घरात चालतं ओझं थांबवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासऱ्यांनीच नियम घालून दिला होता. जड वस्तू जागची हलवताना जीव निघतो, पण एकदा हलली की निम्म्या जोरावर चालते. म्हणून हललेलं ओझं जागेवर पोचेपर्यंत टेकू द्यायचं नाही, आणि तोवर आवाज एकाचाच. गेली बावीस वर्षं तो आवाज पहारबाईंचा होता. नाव अर्थात लोकांनी ठेवलेलं. पाठ पहारेसारखी ताठ आणि जीभ तिच्या टोकासारखी. बाईंना दोन्हींचा अभिमान होता.

त्याहून झोंबलं ते वेगळंच. सून ओरडली आणि पुढे उभ्या असलेल्या मुलानं आईकडे एकदाही न बघता पाईपाखाली पाचर सारली. चार टनांचं धूड कण्हत थांबलं. लाकडाची ती पाचर अर्धी चिरली. पोटचा पोर, आणि आवाज कुणाचा ऐकला, तर बायकोचा.

काम धुलाईच्या कारखान्यातलं होतं. कपडे धुण्याचं नवं यंत्र दारातून आत घेऊन पन्नास पावलांवरच्या भिंतीशी, खडूनं आखलेल्या रेघेवर ठेवायचं. यंत्राखाली लोखंडी पाईप, मागे ढकलायला सहा गडी. यंत्र पुढे सरकलं की मागचा पाईप मोकळा होई. तो उचलायचा, जुन्या यंत्रांच्या रांगेमागून वळसा घालायचा आणि दोन यंत्रांमधल्या फटीतून नवऱ्याच्या हातात द्यायचा, हे सुनेचं काम. मुलानं तो पुढून यंत्राखाली घालायचा. वाट बोळासारखी अरुंद. फटीतून हात जाई, माणूस जात नसे.

पहारबाईंनी आवाज चढवला नाही. मालकासमोर चढवणार तरी कसा? त्यांनी दातओठ खाऊन एवढंच विचारलं, की शाळेत दोन वर्षं विज्ञान शिकवलंस म्हणून आता आम्हाला ओझी वाहायला शिकवणार का, आणि हे पुन्हा हलवायला तुझे बाबा येणार आहेत का.

सून धापा टाकत होती. तिनं सांगितलं की मघापासून ती मनात अंक मोजत होती. सुरुवातीला एक पाईप सुटल्यापासून दुसरा सुटेपर्यंत अकरा अंक होत. मग नऊ झाले. मग आठ, मग सात. शेवटच्या खेपेला पाचच. ती चालायची ती पळायला लागली होती.

"आई, यंत्र आपण ढकलत नाही आहोत. ढकलणाऱ्यांना विचारा."

बाईंनी गड्यांकडे पाहिलं. सहा जण, बारा हात यंत्रावर, आणि एकाच्याही कोपरात ताण नाही. ढोल्या म्हणून एक होता, पोटावरून नाव पडलेला. तो मान खाजवत म्हणाला, की त्याला वाटलं बाकीचे ढकलतायत. दुसऱ्यालाही तसंच वाटलं होतं. सहाच्या सहा जणांना तसंच वाटलं होतं. कामचुकारांची अशी एकी बाईंनी जन्मात पाहिली नव्हती, पण आज त्यांना हसू आलं नाही.

त्यांनी एक रिकामा पाईप मागवला, फटीतून हात घालून जमिनीवर ठेवला आणि सोडला. पाईप क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, मग आपला आपण निघाला. आधी सावकाश, मग भरभर, मग मुलानं उडी मारून वाट दिली तसा घरंगळत जाऊन त्याच्या मागच्या भिंतीवर असा आदळला की सगळा कारखाना घणघणला. मालक ओशाळून म्हणाले, धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून मधल्या खांबापासून जमिनीला थोडा उतार दिलाय; डोळ्याला दिसत नाही, म्हणून सांगायचं राहिलं.

बाईंनी नजरेनं अंतर मोजलं. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये मुलगा उभा होता. उरली होती वीस पावलं.

मुलगा म्हणाला, काही नाही, मी पुढून खांदा लावतो. बाई त्याच्यावर उसळल्या. चार टनांना खांदा देणारा एकदाच देतो, आणि मग त्याला चौघांचा खांदा लागतो. मग सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, तुझं म्हणणं काय?

"जेवढा वेग ते घेईल तेवढा कुणालातरी काढून घ्यावा लागणार. भिंत तो एका क्षणात काढेल. भिंतीच्या आधी हे उभे आहेत. त्यापेक्षा मागून दोर बांधू, खांबाला तीन वेढे देऊ आणि सैल सोडत नेऊ. वेग वाढूच द्यायचा नाही."

मागून दोर? या घरानं आजवर दोर पुढून ओढायला बांधला होता. मागून बांधतात ती भित्री माणसं, असं सासरे म्हणायचे आणि बाईही तेच मिरवायच्या. सपाट जमिनीवर खरंही होतं ते. ढकलणं सोडलं की ओझं आपसूक थांबायचं. पण बाईंना आपले तळहात आठवले. लग्नाआधी त्या बांधकामावर दुसऱ्या मजल्यावर उभ्या राहून खालून फेकलेल्या विटा झेलत. पहिल्या दिवशी हात ताठ धरले आणि कातडी फाटली. मग शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, वीट आली की हात तिच्यासोबत मागे ने, तिला दमू दे. वीट तीच, फेकणारा तोच, आणि दुसऱ्या दिवशी ओरखडासुद्धा नाही.

म्हणजे हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. नाकापुढे नियम धरल्यामुळे मागचं दिसलं नव्हतं, इतकंच.

"दोर आणा," बाई म्हणाल्या. "आणि शेपूट हिच्या हातात द्या."

खांबाला तीन वेढे पडले. मुलानं पहारेनं यंत्र केसभर मागे रेटून चिरलेली पाचर काढली. कुणीही ढकललं नाही, तरी यंत्र निघालं. दोर करकरला, खांबावर घासून गरम झाला, त्याचा जळका वास सुटला. आता पाईप ढोल्या पोचवत होता, आणि पोट सांभाळत तो चांगलाच धावत होता. सून एक वीत दोर सोडी, धरी, पुन्हा एक वीत सोडी. तिच्या नवऱ्याचा जीव तिच्या मुठीत होता. बाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. अकरा. पुढचा पाईप, पुन्हा अकरा. त्याच्या पुढचाही अकरा. शेवटच्या दोन पाईपांना तिनं दोर आणखी आवळला, तेव्हा चौदा, मग वीस, आणि खडूच्या रेघेवर ते धूड असं टेकलं की शेजारच्या यंत्रावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही. मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या छातीपुढे हातभर जागा शिल्लक होती.

गड्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून पलीकडच्या खोलीतले इस्त्रीवाले धावत आले. मालक बाईंना म्हणाले, इतक्या अलगद तर आमच्याकडे चादरही कुणी ठेवत नाही. ढोल्या सगळ्यांना सांगत सुटला, की उतार आपल्याला आधीपासून पायाला जाणवत होता. मुलगा यंत्रावरून चढून इकडे आला आणि बायकोचे लाल झालेले तळहात उघडून बघत राहिला.

बाई सरळ सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "नऊवर कळलं होतं तुला, ओरडलीस पाचावर. पुढे नवरा उभा आणि तू माझ्या रागाला भ्यालीस. पुढच्या खेपेला कळलं की त्याच क्षणी ओरडायचं, पोरी. मला नंतर विचार."