डिकीतल्या चादरीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे आणि मी साधीभोळी वगैरे मुळीच नाही, हे आधीच सांगून ठेवते. साध्याभोळ्या असतात त्या पलंगावरच्या. मी मोटारीच्या डिकीतली. मागच्या सीट आडव्या केल्या की त्यांच्या पाठीवरून, डिकीच्या तळावरून थेट बंपरपर्यंत पसरणारी. वर जाड कापड, खाली रबर आणि कोपऱ्यांना पट्टे आणि चाप. त्या चापांबद्दल पुढे सांगेन. ते लक्षात ठेवा.

समुद्राकाठच्या एका शिवणघरात माझा जन्म झाला. तिथे पूर्वी होड्यांची शिडं शिवायचे, म्हणून माझी शिवण शिडासारखी दुहेरी आहे. (हो, मला तिचा गर्व आहे.) तिथून टोरुनने मला वाल्द्रेसच्या डोंगरात आणलं, कारण तिच्या मुलीने, टूवाने, त्याच शरद ऋतूत कुत्र्याचं एक पिल्लू घरी आणलं होतं. करड्या केसांचं, शेपटीची वळकटी झालेलं. त्याचं नाव ग्रोम.

आता माझं काम ऐका. आडवी केलेली सीट आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये एक फट असते, बोटभर. गाडी विकत घेताना ती कुणाला दिसत नाही. पण त्या फटीत जे सांडतं ते सीटच्या फोममध्ये उतरतं, आणि फोम एकदा घेतलेलं परत देत नाही. माझं अख्खं आयुष्य त्या फटीवर पालथं पडण्यात गेलं. माझ्यावर बर्चची ओली लाकडं आली, शिकारीतून वाट्याला आलेलं एल्कचं, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचं, मांस आलं, नाताळची झाडं आली आणि त्यांचा चिकट डिंक आला. वळणावळणाच्या रस्त्यावर ग्रोम ओकला तोही माझ्यावरच. पण फटीत एक थेंब गेला नाही. जुनी गाडी विकली तेव्हा घेणाऱ्या बाईने मुद्दाम फटीत बोटं घालून पाहिली. कुत्र्याचा एक केससुद्धा निघाला नाही. टोरुनने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, ही होती म्हणून.

कौतुक ऐकायचं ते तेवढंच. कारण मग नवी गाडी आली आणि ती टूवाच्या बाबांनी, ओडवारने, निवडली होती. आतल्या सीट सायीच्या रंगाच्या. त्या आल्यापासून ओडवार दारातच बूट झटकायला लावायचा आणि गाडीत साधं बिस्कीट खायची सोय उरली नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरतात तसं, आणि लाकडांच्या शेडमध्ये भिरकावलं. माझा वास येतो म्हणे. अरे, मग तो वास कुणामुळे लागला मला? तुझी सीट वाचवता वाचवता लागला ना?

मी डूख धरला तो तिथेच.

शेडमध्ये थंडीने माझी पापडासारखी अवस्था झाली. ग्रोम येऊन माझ्यावर झोपायचा, कारण नव्या गाडीत त्यालाही बंदी होती. एका संध्याकाळी टूवा आली, त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली, आणि तिच्या हुंदक्यांतून मला सगळं कळलं. गाडीत कुत्रा नाही म्हणजे डोंगरातल्या केबिनवर, त्यांच्या सुट्टीच्या लाकडी घरी, कुत्रा नाही, आणि सुट्टीत त्याला सांभाळणार कोण? म्हणून ओडवारने तो लांबच्या एका शिकाऱ्याला देऊन टाकायचं ठरवलं होतं. रविवारी माणूस न्यायला येणार होता.

माझा अपमान मी एक वेळ गिळला असता. (नसता गिळला. पण म्हणायची पद्धत आहे.) ग्रोमचं मात्र मी गिळणार नव्हते.

मित्रांनो, संधी शनिवारी आली, आणि ती ओडवारने स्वतःच्या हातांनी आणून दिली. त्या दिवशी आजीकडे राकफिस्कचं जेवण होतं. राकफिस्क म्हणजे मिठात घालून लोणच्यासारखा मुरवलेला ट्राउट मासा, बादलीत, महिनोन्‌महिने. त्याच्या पाण्याचा वास इतका जबर असतो की आवडणाराही आधी एक पाऊल मागे सरतो. ओडवारने यंदा स्वतः मासा मुरवला होता आणि तो गावभर सांगत फिरत होता. निघताना पाहुण्यांचे कपडे घालून त्याने शेवटची चव पाहिली आणि कोटाला डाग नको म्हणून झाकण लांबूनच, दोन बोटांनी दाबलं.

आजीसाठी घेतलेलं लांब बाक आत जाईना म्हणून त्याने मागच्या सीट आडव्या केल्या. टूवापुरती एक उभी राहिली. बादली डुगडुगत होती, तिला टेकण हवं होतं. आणि टेकणाला काय आणलं? मला! रबर बाहेर ठेवून माझी वळकटी केली, वर दोरी गुंडाळली आणि बादलीशेजारी ठोसली. वाटेत कचराकेंद्रावर मला टाकायचीही सोय होणार होती.

टोरुन म्हणाली, "चादर गाडीत आहेच, तर खाली पसर की."

"ही घाण? माझ्या सीटवर? झाकण घट्ट आहे, मी स्वतः लावलंय."

"तू लावलंयस, म्हणूनच म्हणतेय," टोरुन म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

कचराकेंद्र बंद होतं. आता मी काय केलं ते नीट ऐका. गारठ्याने मी लाकडाच्या ओंडक्यासारखी कडक होते, म्हणून बादली उभी होती. ओडवारने हीटर लावला. त्याला ऊब हवी होती ना, मग मलाही मिळाली. रबर मऊ पडलं. दोरी ढिली झाली. आजीच्या घराकडे उतरणारी वळणं सुरू झाली. पहिल्या वळणावर मी बादली धरून ठेवली. दुसऱ्यावर ग्रोम आठवला. तिसऱ्यावर मी अंग सैल सोडलं.

झाकण उडालं आणि ते सगळं पाणी, ते महिनोन्‌महिने मुरलेलं पाणी, सायीच्या रंगावरून वाहत फटीत गेलं. माझ्या फटीत. मी रबराच्या बाजूने कोरडी ठणठणीत पडून बघत होते. मग चारही काचा एकदम खाली गेल्या.

आजी अंगणात उभी होती. तिने मागचं दार उघडलं, खोल श्वास घेतला आणि निवांतपणे म्हणाली, "मासा छान मुरलाय रे, ओडवार. ताटात कधी येणार?"

टोरुन आणि टूवा त्या दिवशी आजीकडेच राहिल्या. ओडवार एकटा परतला, बर्फाळ वाऱ्यात काचा उघड्या टाकून, कानटोपी नाकापर्यंत ओढून. अहाहा!

रविवारी त्याने साबण लावला, व्हिनेगर ओतलं, कॉफीची पूड भुरभुरली. आता गाडीला कॉफी प्यायलेल्या माशाचा वास यायला लागला. टोरुन आणि टूवा शेजाऱ्याच्या गाडीने घरी आल्या आणि अंगणात नाक धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात ग्रोम धावत आला, उघड्या डिकीत उडी मारली, फटीत नाक खुपसलं आणि सुखाने पसरला.

"बाबा," टूवा म्हणाली, "आता ग्रोमला का द्यायचं?"

ओडवार म्हणाला, "सीट खराब..." आणि स्वतःच थांबला.

"खुशाल दे," टोरुन म्हणाली. "मग या गाडीत तुझ्यासोबत बसायला कुणीच उरणार नाही."

मग ओडवारने वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन फोन काढला आणि शिकाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं. टूवा त्या वासासकट डिकीत शिरली आणि ग्रोमला मिठी मारून रडली.

मग ओडवारने माझी दोरी सोडली आणि मला पसरायला घेतलं. मघाशी चाप लक्षात ठेवायला सांगितले होते ना? त्याच्या अंगठ्याला आठवडाभर पट्टी होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असंच फटीवर पालथं पडलेलं असेल. त्याला जपा. प्रेमाने जमत नसेल तर भीतीने जपा, पण जपा. मी परत माझ्या जागी आहे, ग्रोम माझ्यावर घोरतो, आणि तो वास मी माझ्याखाली नीट दाबून ठेवते. फक्त उन्हाळ्यात, ओडवार गाडीत एकटा असला की, मी एक कोपरा जरासा उचलते.