मधलं घर

परकी फौज गेली आणि दुसऱ्याच सकाळी गल्लीतल्या सगळ्यांना आपापल्या भिंती आठवल्या.

भिंती म्हटलं की मधले काका. धंद्याने गवंडी, रांगेतलं मधलं घर त्यांचं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. फौजेने गल्लीच्या तोंडाशी बंदुका रोखल्या आणि दाराबाहेर पाऊल टाकायची सोय उरली नाही, तेव्हा घराघरांमधल्या भिंतींना माणूस जाईल एवढी भगदाडं काकांनीच पाडली होती. मग दूध, औषध, सुईण, सगळं आतल्या आत फिरू लागलं. एकदा तर एक प्रेतही काकांच्या खोलीतून गेलं. खाट भिंतीशी सरकवून त्यांनी मधून वाटच करून दिली होती.

"हे घर आहे की हमरस्ता?" असं ते दिवसभर करवादायचे. पण जाता जाता कुणी "काका, जेवलात का?" विचारलं, की गडी आतून फुलायचा. खरं सांगायचं तर सगळ्या गल्लीला नकोशी झालेली ती वर्षं काकांना फार सुखाची गेली. पण बोलायची चोरी!

आता ज्याला त्याला आपलं घर आपल्यापुरतं हवं होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणावं, तर तसंही नव्हतं. चहापाणी सगळे विचारत होते. काकांनी एकेक भगदाड बुजवलं. शेवटचं उरलं ते शेजारच्या वहिनींचं.

"वहिनी, हे एवढं राहू द्यायचं का? लहान करून?" थापी पुसत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भावजी, घरात सून यायचीय आता," वहिनी हळूच म्हणाल्या. "आडोसा नको का?"

"हो हो, हवाच की."

काकांनी वहिनींच्या बाजूने काम धरलं. ओळंबा लावून विटा रचल्या, सुनेच्या खोलीला शोभेल असा गिलावा केला, हात धुतले आणि रस्त्यावरून आपल्या दाराशी आले. दार ढिम्म हलेना. फौज आली त्या दिवशी आतून अडसर घातला होता तो त्यांनीच. पुढे तो काढायची वेळच आली नव्हती.

गल्ली जमली. "काका, स्वतःलाच घराबाहेर चिणलंत की!" हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. काकाही हसले.

"अहो, भिंत ओली आहे अजून," कुणीतरी म्हणालं. "पाडा आणि जा आत. उद्या घाला परत."

काकांच्या जिवाला एकदम उभारी आली. आजचा दिवस तरी वाट राहील. उद्याचं परवावर ढकलता येतं. गवंड्याला सबबींचा काय तोटा? त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"पाडा ना, भावजी," वहिनी म्हणाल्या. पण त्याआधी त्यांनी एकदा मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं होतं.

"छे! केलेलं काम मोडू नये," काका म्हणाले आणि पहार घेऊन त्यांनी आपलंच दार मोडलं.

माणसं हसत पांगली. काका आत आले. दार आडवं पडलं होतं, कुणालाही सरळ आत येता आलं असतं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.

काकांनी अंथरूण झटकलं. खाट आता मधोमध ओढायला हरकत नव्हती. पण ती त्यांनी भिंतीशीच राहू दिली आणि पाय आखडून घेतले, जाणाऱ्यायेणाऱ्याला लागू नयेत म्हणून.