येते म्हण

डोंगरावरची जुनी दगडी नगरी बघायला जग लोटतं, पण आमच्या गावाच्या वाट्याला येते ती त्यांच्या गाड्यांची धूळ. म्हणून गावाने समिती केली. पाहुणे घरोघरी उतरवायचे, आळीपाळीने. अट एकच, त्यांना स्वतंत्र खोली हवी.

आमच्याकडे रिकामी खोली होती ती नणंदेची. लग्नावरून आईशी कडाक्याचं भांडून ती घराबाहेर पडली, तीही उंबऱ्यात "जाते" म्हणून. आमच्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेलं माणूससुद्धा "येते" म्हणतं. तो शब्द सासूबाईंच्या जिव्हारी लागला. त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि लेकीचं नाव टाकलं. दोघी सारख्याच हट्टी, मधल्यामध्ये मरण माझं.

"खोली नसेल तर समिती आपल्याला वगळेल," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी किल्ली माझ्यापुढे आपटली. "घाला कुणालाही!"

आली ती एक परदेशी मुलगी. पुस्तकातून शिकलेली भाषा तोलून-मापून बोलायची. दिवसभर नगरी पाहायची, संध्याकाळी सासूबाईंशेजारी बसून लसूण सोलायची आणि दिसेल त्या वस्तूचं नाव विचारायची. सासूबाई आधी फणकाऱ्याने सांगत, मग हौसेने. खोलीतली खिडकी अडकते, ती उचलून लोटायची, हेही त्यांनीच आत जाऊन दाखवलं. त्यांना त्या खोलीत पाहून मला भरून आलं.

निघताना मुलीने त्यांचा हात धरला. "आई, मी जाते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या बिचारीचं काय चुकलं? व्याकरण अगदी बरोबर होतं.

"जाते नाही गं म्हणायचं. येते म्हण."

"पण मी तर जाते आहे."

"म्हणूनच."

मुलगी हसली, "येते" म्हणाली आणि गाडीत बसली. सासूबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"परक्या पोरीला थांबवून शिकवलं," त्या म्हणाल्या. "आपलीला मात्र तशीच जाऊ दिली." मग माझ्यावरच खेकसल्या, "बघतेस काय? फोन लाव तिला."

मी लावला आणि खुशाल कान देऊन उभी राहिले.

"तुझ्या खोलीत पाहुणी होती," सासूबाई म्हणाल्या. "ती खिडकी अजून अडकते."

 पलीकडून नणंद म्हणाली, "उचलून लोटायची असते ती."

"तेच सांगितलं तिला."

"बरं. ठेवते." ती घुटमळली. "आई... येते."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला, पदराने नाक पुसलं.

"समितीला कळव," त्या म्हणाल्या, "आपली खोली भरली."