कांताबाईच्या धुऱ्यावरचा बिबा

कांताबाईचं अन् शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या बिब्याच्या झाडाचं हाडवैर. बिबा तिला उततो. नुसता वारा लागला तरी अंगभर फोड. बाकीचा गाव बिब्याच्या माथ्यावरचं पिवळं गोड बोंड वाळवून मिटक्या मारत खातो, हिला मात्र मेल्याचं दर्शनही नको. यंदा तर तिनं नवऱ्याला, नागोरावला, कुऱ्हाडीला धारच लावायला सांगितली होती.

तेवढ्यात लेक साधना दारव्ह्याहून बाळंतपणाला आली. पोरगी झाली, छान गुटगुटीत. पण साधनाच्या तोंडाची चवच गेली. शिरा नको, खीर नको. एक दिवस म्हणाली, "आई, आजी बांधे तसे गोडंबीचे लाडू दे न वं."

झालं! गोडंबी म्हणजे बिब्याच्याच आतला गर. सासू होती तोवर तीच फोडायची. बाजारातली निघाली खवट. लेक तोंडानं घास मागते अन् आईला हात लावायची सोय नाही! कांताबाईचा जीव नुसता तुटत होता.

"त्यात काय एवढं? मी फोडतो," नागोराव म्हणाला. हाताला आधी राख चोळायची असते, हे गडी साफ विसरला. वर घाम आला म्हणून त्याच हातानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी तोंडाचा भोपळा, डोळे गायब.

बंजारा तांड्यावरची लालीबाई दरवर्षी त्याच झाडाखाली बोंडं वेचायची. ती आली अन् पोट धरून हसली. "ए याडी! माय वं, हा कोन बसला इथं?" मग त्याच्या तोंडाला खोबरेल चोपडलं, स्वतःच्या हाताला राख फासली अन् अंगणाच्या पार टोकाला बसून सारे बिबे फोडले. लाडूही तिनंच बांधले.

"तुले काय देऊ वं?" कांताबाईनं लांबूनच विचारलं.

"धार लावलेली कुऱ्हाड पाह्यली म्या. झाड राहू दे बाई. माह्या साऱ्या सुना याच्याच लाडवानं बाळंतपणातून उठल्या."

साधनानं लाडू खाल्ला, बोटं चाटली अन् दुसरा मागितला. कांताबाईला रडूच फुटलं.

"कुऱ्हाड काढू का?" सुजल्या ओठांनी नागोरावनं विचारलं.

"खबरदार!"

संध्याकाळी ती धुऱ्याकडे गेली. नाकाला पदर लावून लांबूनच हात जोडले.

"लय उपकार झाले बापा तुहे. राहाजो सुखानं. फक्त माह्याकडं वारा सोडू नको."