उजव्यावरून डावा

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत. घरात मात्र ती 'कात्रीवाली' होती. सोमवारी शिवणाचं दुकान बंद, म्हणून ती दहा वर्षांच्या लेकीला घेऊन इस्पितळात आली. सोबत सासूबाई होत्याच, त्या कुठे मागे राहतात! लेकीला डावा कान जन्मापासूनच नव्हता. त्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ, आणि ती झाकायला केस पुढे ओढलेले.

गरोदरपणात हिने कात्री चालवली, म्हणून पोरीचा कान कापला गेला, असं सासूबाईंनी बाळंतिणीच्या खाटेशीच ठरवून टाकलं होतं. कात्री चालली नसती तर घर कसं चाललं असतं, हे कोणी विचारलं नाही. नवरा मूग गिळून बसला. आधी ती रडली, भांडली. मग कानाआड करत गेली. पुढे राग येणंही थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या उजव्या कानावर पारदर्शक फिल्म धरून बारीक रेघ काढली. फिल्म उलटली की डाव्या कानाचा नमुना तयार. त्या नमुन्यावरून बरगडीतलं मऊ हाड कोरायचं आणि कातडीखाली बसवायचं. टेलरबाईला ते चटकन कळलं. एका बाहीवरून दुसरी ती रोज अशीच कापत असे.

"नवा कानपण तुटेल का?" लेकीने विचारलं. "आई अजून कात्री चालवते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कात्रीने असं होत नाही, बाळा. काही मुलांचा कान पोटात पुरता घडतच नाही. यात आईचा काही दोष नाही."

शिकलेली माणसं असंच बोलायची, असं सासूबाई पुटपुटल्या. आईचा दोष नाही, हे कोणीतरी म्हणेल तेव्हा आपण ढसाढसा रडू, असं टेलरबाईला दहा वर्षं वाटत आलं होतं. आता तिला काहीच वाटलं नाही. ती फिल्मकडे बघत राहिली.

"शाळेत मी सगळ्यांना सांगितलंय," लेक हळूच म्हणाली. "आईने कान कापला म्हणून."

टेलरबाई सासूकडे वळली. आवाज अगदी सपाट होता.

"आई, उद्या शाळेत चला. हिच्या आईने काही केलं नव्हतं, हे तुमच्या तोंडून सांगा."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आजी नाही आली तरी चालेल," लेक म्हणाली. "खोटं मी सांगितलं होतं. खरंही मीच सांगेन."