नोरा आंटींची मेरी

दुपारी तीनच्या सुमाराला ऊन खिडकीच्या जाळीतून आत यायचं आणि नोरा आंटींच्या भिंगातून गळून टेबलावरच्या कागदावर पडायचं. ज्वारीच्या दाण्याएवढा तो उजेडाचा ठिपका ओळीवरून हळूहळू सरकायचा. त्याच्या मागे आंटींचं बोट, आणि बोटाच्या मागे त्यांचा श्वास. एखादं अक्षर लागलं की श्वास थांबायचा. बाहेर कोपरखैरण्याच्या गल्लीत रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, समोरच्या सोसायटीत फरशी कापणारं मशीन. आत फक्त कागद उलटल्याचा आवाज, सुक्या बोंबलांची चवड हलवली की येतो तसा. मी दारात भांडी पुसत उभी राहायचे. मला वाटायचं, त्या ठिपक्याने एक दिवस हा कागद पेटेल. पेटला तर बरं, असंही मनात यायचं.

आंटी तेव्हा ऐंशीच्या जवळ होत्या. उंच, कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये, मार्गशीर्षात पायात मोजे. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि डोळे खाडीचं पाणी ओहोटीला होतं तसे, मातकट हिरवे. रेल्वेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. एकट्या राहायच्या, आणि मी सकाळ-दुपार त्यांच्याकडे स्वयंपाकाला. त्यांच्या चालण्यात एक ताल होता, तीन पावलं आणि काठी, तीन पावलं आणि काठी. स्वयंपाकघरात मी त्या तालावरून ओळखायचे की आज परदेशातून पत्र आलंय की नाही.

कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "सुमन, तुझी ग्रँडमदर, तिचं नाव काय?"

मी दिवाळ्याची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावची. आमच्या बाजूच्या गावांत, पेन घेऊन आजीचं नाव विचारणाऱ्या माणसाला कुणी पाटावर बसवत नाही. जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात भूखंड दिले, आणि तेव्हापासून प्रत्येक घरात मेलेल्या माणसांची नावं एकदम महाग झाली. कुठल्या आजीची कुठली मुलगी, कुणाचं नाव कागदावर आहे, कुणाचं राहिलं, यावरून सख्खे भाऊ उंबरठ्याशी येईनासे झाले. बाबा गेल्यावर माझा भाऊ एक कागद घेऊन आला होता. "ताय, फकस्त सही कर. मोठा काय नाय." मी केली. नंतर कळलं, त्याला हक्कसोड म्हणतात; बाबांच्या जमिनीवरचं माझं नाव मी माझ्याच हाताने पुसलं होतं. चौथीपर्यंतची शाळा सही करायला पुरते, कागद कळायला पुरत नाही.

म्हणून मी आंटींना म्हटलं, "लक्ष्मी." ते खोटं होतं. त्यांनी ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि "ब्युटिफुल नेम" म्हणाल्या. मी मान खाली घालून कांदा चिरायला गेले. या बाईला काय हवंय, ते मला शोधून काढायचं होतं.

हळूहळू कळलं. त्यांचे पणजोबा गोऱ्यांच्या पलटणीतले शिपाई, आयर्लंड नावाच्या देशातून आलेले. तिकडे चर्चच्या वह्यांमध्ये प्रत्येक गावचं जन्मलेलं, लग्न झालेलं, मेलेलं माणूस लिहून ठेवलेलं असतं. आंटी त्या चर्चना पत्रं लिहायच्या, तिकडून वहीच्या पानांच्या छापील नकला यायच्या. पणजोबा सापडले त्या दिवशीचं त्यांचं रूप मला विसरता येत नाही. ते त्यांच्या बाप्तिस्म्याचं पान होतं, म्हणजे बाळाच्या डोक्यावर पाणी घालून नाव ठेवतात त्या दिवसाचं. त्यात बाप होता, आई होती, नाव ठेवायला उभी राहिलेली दोन माणसंही होती. आंटींचा सगळा देह पाण्यावर तरंगणाऱ्या दिव्यासारखा झाला होता. त्यांनी मला खुर्चीवर बसवून स्वतः चहा केला. साखर विसरल्या.

पण पणजोबांच्या बायकोपाशी सगळं अडलं. तिचं नाव मेरी. पुण्याकडच्या छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं होतं, त्या पानाची नकल आंटींजवळ होती. मेरी आयरिशच असणार, शिपायांच्या बरोबर आलेल्या एखाद्या गरीब घरची पोर असणार, असं आंटींनी ठरवून टाकलं होतं. कपाटाच्या दारावर त्यांनी घराण्याचं झाड चिकटवलं होतं. त्यात मेरीच्या डोक्यावर दोन चौकोन कोरे. तिकडच्या एकेका गावाला पत्र जायचं आणि एकेका गावाहून नकार यायचा. मला इंग्रजी येत नाही, पण पत्र वाचताना त्यांचे खांदे खाली उतरायचे, तेवढं वाचायला शाळा लागत नाही.

माझा संशय मात्र उतरला नाही. एवढा खटाटोप नुसत्या माहितीसाठी कोण करतं? मेलेल्या बाईच्या मागे घर असेल, शेत असेल, काहीतरी असेलच. एकदा मी विचारलं, "आंटी, ती सापडली तर तुम्हाला तिकडे काय मिळणार?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मिळणार? काय मिळणार, वेडी! डॉक्टरने सांगितलंय, दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग वाढतोय. सहा महिने, बारा महिने. त्याच्या आधी वहीतली मेरीची लाइन मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय. दुसऱ्याने वाचून दाखवलेली नको. मी बघितलेली पाहिजे, बस."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघायचे ते वेगळ्या नजरेने. शरदातल्या उन्हाला असतो तसा त्यांच्या हालचालींना एक निघायच्या आधीचा झळझळीतपणा आला होता. चेहऱ्याकडे सरळ न बघता किंचित बाजूला बघायच्या, कारण बाजूलाच दिसायचं. आणि मग एका दुपारी त्यांनी ते लग्नाचं पान माझ्यापुढे सरकवलं. "बघ ना, तुझे डोळे चांगले आहेत. इथे काही पुसलेलं दिसतं का?"

मी बघितलं. नवऱ्याची सही लांब, झोकात काढलेली. बायकोच्या जागी फुली. "हा नवऱ्याचा बाप," आंटी बोट ठेवून म्हणाल्या, "लग्नाच्या आधीच तिकडे मेलेला, तरी नाव लिहिलंय. आणि हा मेरीचा बाप." तिथे काहीच नव्हतं. पुसलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. जागा कोरी होती.

मेलेल्या बापाचंसुद्धा नाव लिहितात, मग हिच्या बापाचं का नाही? मला माझं लग्न आठवलं. माझं माहेरचं नाव मोठ्या नणंदेचं होतं, एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत म्हणून मांडवातच मला सुमन केलं. माझ्या आईनेही नंतर मला सुमनच म्हणायला सुरुवात केली. उद्या कुणी सुमनचा जन्म शोधायला दिवाळ्याला गेला, तर गाव सांगेल, अशी कुणी इथे जन्मलीच नाही. मेरी तिकडे सापडत नव्हती, कारण लग्न ठरेपर्यंत ती मेरी नव्हतीच. आणि तिचा बाप मेलेला नव्हता. तो आला नव्हता. किंवा पेनवाल्या पाद्र्याने विचारलं तेव्हा, मी आंटींशी जशी खोटं बोलले, तशी ती गप्प बसली होती.

मी हे बोलले नाही. पुढचे कितीतरी महिने बोलले नाही. बोलले असते तर आंटींचं आयर्लंड अर्धं झालं असतं. शिवाय मला भीती वाटे, त्या म्हणतील, ही कामवाली माझ्या घराण्यात स्वतःच्या जातीची बाई घुसवतेय, हिला काहीतरी हवंय. ज्या नजरेने मी त्यांना बघत होते, त्याच नजरेने त्या मला बघतील. आणि इकडे तो काळा डाग रोज तिळातिळाने वाढत होता. चहा कपाच्या बाहेर सांडायला लागला. ताल बिघडला, दोन पावलं आणि काठी.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. मी एक दिवसाची सुटी मागितली, माहेरी पान वाढायचं होतं. आंटींनी विचारलं, "मग तू ग्रँडमदरचं नाव घेणार ना, लक्ष्मीचं?"

मी ओट्याला धरून उभी राहिले. त्यांनी ते नाव तीन वर्षं जपून ठेवलं होतं. देवासमोर घ्यायच्या नावात मला खोटं ढकलवेना.

"आंटी, माझ्या आजीचं नाव लक्ष्मी नाही. चांगुणा."

"तू मला खोटं नाव दिलंस? तीन साल?"

"तुमच्या हातात पेन होतं."

फ्रिज सुरू झाला, बंद झाला. मग मी, एका दमात, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. भावाचा कागद, मांडवातलं नाव, कोरी जागा. "तिकडे नका शोधू. जिथे लग्न लागलं त्याच वहीत बघा, लग्नाच्या आधीची पानं. नाव तिथेच बदललं असणार."

आंटींचा चेहरा लाल झाला. "यू मीन, ती इथली? तुमच्यातली?"

"मला काय ठाऊक? मी फक्त चौथी शिकलेली."

"मग चौथीसारखी राहा ना!" त्या ओरडल्या. मी पिशवी उचलली आणि घरी आले. काम गेलं, असंच धरून चालले.

गेलं नाही. दिवाळीनंतर पुण्याकडच्या त्या चर्चच्या फादरनी लग्नाच्या आधीच्या आठ पानांच्या नकला पाठवल्या; म्हणजे आंटींनी त्यांना लिहिलं होतं. पान उलटायला त्यांनी मला शेजारी बसवलं. खुर्ची खिडकीच्या अगदी कडेला, मान तिरकी, कागद कानाजवळ धरल्यासारखा. पाचव्या पानावर त्यांचा श्वास थांबला. लग्नाच्या दोन दिवस आधीची ओळ होती. त्यांनी ती आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी मराठीत वाचली: मेरी, वयात आलेली, कोकण किनाऱ्याची. बाप्तिस्मा दिला. आधीचं नाव लिहिलेलं नव्हतं. बापाची जागा इथेही कोरी.

मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. कागद त्यांनी पुन्हा डोळ्याच्या कडेशी नेला, पुन्हा, पुन्हा, जणू ती ओळ हलेल आणि दुसरं काही सांगेल. मग म्हणाल्या, "तुला कधीपासून डाउट होता?"

"तुम्ही पान दाखवलंत त्या दिवसापासून."

"आठ महिने! माझे आठ महिने तू खाल्लेस, सुमन." आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी निवलेलं होतं. "पण मी बघितली. माझ्या डोळ्यांनी बघितली."

पौषात त्यांना सकाळ आणि संध्याकाळ एवढंच कळू लागलं. तेव्हा एक दिवस त्या हट्टाला पेटल्या, दिवाळ्याला ने. मी म्हटलं, तुमची पणजी दिवाळ्याची होती असं कुठे लिहिलंय? किनारा केवढा मोठा. त्या म्हणाल्या, "कुठेच लिहिलं नाही, म्हणून तर."

दिवाळ्याच्या धक्क्याला सकाळी होड्या लागल्या होत्या. कोवळं ऊन चिखलावर पातळ पसरलेलं. जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. टोपल्यांभोवती बायकांचा कालवा. आंटी मधोमध उभ्या राहिल्या, फ्रॉक, मोजे, काठी, आणि मान तिरकी करून बायकांचं बोलणं ऐकू लागल्या. चेहरे त्यांना दिसत नव्हते. त्या आवाजांवरून हात फिरवत होत्या, आंधळा माणूस भिंतीवरून फिरवतो तसा.

माझ्या नात्यातली एक म्हातारी कोयता हातात धरून म्हणाली, "कोन गो ही मडम? कुनाला शोधते?"

"तिच्या पणजीला."

"पणजीला? म्हंजे वाटा मागाला आली!" सगळ्या हसल्या, पण हसताना त्यांचे डोळे आंटींच्या हातातल्या पर्सवर होते. "कागद आनलेत काय हिनं? आधी इचार. कागदवाली मानसं नको आम्हाना."

त्या बायकांची नजर मी ओळखत होते. कालपर्यंत ती माझीच होती. आणि मी, जिने आयुष्यात कुणासाठी जामीन म्हणून तोंड उघडलं नाही, मोठ्याने म्हटलं, "कागद नाय आनलेत."

"मंग कुनाची हाय ही?"

"माजी हाय."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. टोपली बाजूला सारून तिने उपडं घमेलं पुढे ढकललं, बसायला. आंटी बसल्या. हळूच म्हणाल्या, "काय विचारत होत्या?"

"तुम्ही कुणाच्या, म्हणून."

"मग?"

"सांगितलं मी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ऐकू लागल्या. मेरीचं पहिलं नाव कुणी विचारलं नाही, की विचारलं आणि तिने दिलं नाही, हे आता कुणालाच कळायचं नाही. काळ सगळंच नेतो असं म्हणतात, पण मला वाटतं काही नावं माणसं स्वतःच मुठीत धरून जातात. मागे उरते ती एक कोरी जागा, आणि ती आठवणीने भरता आली नाही तरी तिच्याशेजारी थोडा वेळ बसता येतं.